थायरॉईड ‘जास्त’ निघालाय, गोळी सुरू करायची भीती वाटतेय

केजची_लेक | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २९, सासर माजलगावजवळ. तीन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं आणि भूक मात्र दुप्पट. आईला वाटलं सासरी कामाचा रगडा आहे, सासूला वाटलं माहेराहून आल्यापासून नजर लागली. छातीत धडधड, झोप नाही, बारीकसारीक गोष्टीवरून रडू. चहाचा कप हातात धरला की बशीवर खडखड वाजायचा. घाम तर इतका की सकाळी नेसलेली साडी दहा वाजेपर्यंत पाठीला चिकटलेली. पण मे महिन्यात आपल्याकडं घाम कुणाला येत नाही? त्यामुळं तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

शेवटी अंबाजोगाईला दाखवलं. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉईड जास्त झाला की हा पडतो) ०.०१ च्या खाली, फ्री टी४ (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) बराच वाढलेला. डॉक्टर म्हणाले ग्रेव्हज आहे, म्हणजे शरीरच थायरॉईडच्या ग्रंथीला जास्त हार्मोन करायला लावतं. कार्बिमाझोल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल.

आता अडचण ऐका. चिठ्ठीवर लाल पेनानं लिहून दिलंय : “ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी.” सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. हे वाचून ती घाबरली. शेजारच्या काकू दहा वर्षं थायरॉईडची गोळी घेतात, त्यांना असं कुणी कधी सांगितलं नाही. त्या म्हणतात, “डॉक्टरची भारी गोळी कशाला, माझ्यातली घे, थायरॉईडची गोळी एकच असते.” चार दिवस झाले, पाकीट फडताळात तसंच पडून आहे. काय करावं?

परभणीकर_नाना | ४ मे, रात्री १०:२०

काकूंची गोळी हातात घिऊ दिऊ नका. बाकीचं नंतर वाचा.

मेडिकलवाला_भाऊ | ४ मे, रात्री १०:५१

नानांशी शंभर टक्के सहमत. वीस वर्षं काउंटरला उभा आहे म्हणून सांगतो. रोज दहा माणसं येतात, “थायरॉईडची गोळी द्या.” मी विचारतो, कमीची का जास्तीची? निम्म्यांना माहीतच नसतं.

काकूंची गोळी बहुतेक बाटलीतली, शंभरेक गोळ्यांची, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ती थायरॉक्सिन. म्हणजे ज्याची ग्रंथी कमी काम करते त्याला बाहेरून दिलेला हार्मोन. तिच्यावर २५, ५०, १०० असे आकडे असतात, ते मायक्रोग्रॅम. ताईंच्या बहिणीची कार्बिमाझोल ५, १०, २० मिलिग्रॅममध्ये येते आणि ती ग्रंथीला हार्मोन तयारच करू देत नाही. एकीनं टाकीत पाणी ओतायचं, दुसरीनं बोअरची मोटर बंद करायची. टाकी आधीच भरून वाहायलीय, त्यात काकू अजून चार हंडे ओतायला सांगायल्यात.

दुसरं, पॉवर बघून घ्या. मागं एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या गावात ५ ची मिळाली नाही म्हणून २० ची दिली, “पाव-पाव करून खा” सांगून. घरी पाव करणार कोण? म्हातारी अख्खीच खात राहिली. दीड महिन्यानं आली तेव्हा तोंड सुजलेलं, सारखी झोप, भर उन्हात अंगावर चादर. थायरॉईड पार तळाला गेला होता. पाकीट बदललं की रंगावर जाऊ नका, आकडा वाचा.

गोदाकाठ | ४ मे, रात्री ११:३८

लाल पेनाबद्दल मी लिहितो. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

माझी बायको. हीच गोळी. सहावा आठवडा चालू होता, धडधड थांबली होती, वजन भरायला लागलं होतं, आम्ही खुशीत. एका लग्नात कुल्फी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी घसा धरला. कुल्फीवर बिल फाडलं. गावातच दाखवलं, तापाची आणि अँटिबायोटिकची गोळी मिळाली. थायरॉईडची चालू आहे हे आम्ही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. तीन दिवस ताप १०३. तोंडात आतून पांढरे फोड, थुंकी गिळता येईना. आणि त्या तीन दिवसांत मी तिला रोज आठवणीनं कार्बिमाझोल देत होतो, खाडा नको म्हणून.

नांदेडला नेलं. सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी ९००, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, जवळपास नाहीतच. लॅबवाल्याला वाटलं मशीन बिघडलं, त्यानं परत रक्त घेतलं. नऊ दिवस वेगळ्या खोलीत, शिरेतून अँटिबायोटिक, पेशी वाढवायची इंजेक्शनं. वाचली. ती गोळी कायमची बंद आणि तिच्या जातीतली दुसरीही नाही. पुढं हैदराबादला आयोडीनचा किरणोत्सर्गी डोस दिला. आता ती थायरॉक्सिनवर आहे, म्हणजे काकूंच्या पार्टीत.

आमच्या चिठ्ठीवर लाल पेनानं काही लिहिलेलं नव्हतं.

केजची_लेक | ४ मे, रात्री ११:५५

दादा, वाचून पोटात गोळा आला. आता तर ती अजिबात घेणार नाही. 😟

पांढरा_कोट | ५ मे, सकाळी ७:०५

घेऊ द्या. गोदाकाठ यांनी लिहिलंय ते खरं आहे आणि ते लिहिल्याबद्दल त्यांचे आभार. पण या गोळीनं पांढऱ्या पेशी अशा पडण्याचा प्रकार हजारात साधारण दोन ते पाच जणांना होतो. उलट ग्रेव्हज तसाच ठेवला तर हृदयाचे ठोके बेताल होणं, हाडं पोकळ होणं, आणि एखाद्या तापाचं किंवा ऑपरेशनचं निमित्त होऊन सगळंच एकदम उसळणं, ज्याला थायरॉईड स्टॉर्म म्हणतात, हे धोके आहेतच. चार दिवस पाकीट फडताळात ठेवून बहीण सुरक्षित झालेली नाही.

पेशी घसरण्याचा धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत असतो, पण नंतर कधीच होत नाही असं नाही. दर आठवड्याला सीबीसी करून तो पकडता येत नाही, कारण पेशी अचानक पडतात. सोमवारी रिपोर्ट चांगला, गुरुवारी ताप. म्हणून रिपोर्टपेक्षा लक्षणावर नजर : ताप, घसा, तोंडातले फोड. त्या क्षणी गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी. उद्या नाही, “जरा वाट बघू” नाही. रिपोर्ट ठीक आला तर डॉक्टर परत सुरू करायला सांगतात.

याशिवाय डोळे किंवा लघवी पिवळी, भूक मेलेली, अंगभर खाज, पोटात पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ, हे दिसलं तरी लगेच दाखवा. यकृत आणि क्वचित स्वादुपिंड बिघडू शकतं. अंगावर थोडं पुरळ मात्र बऱ्याच जणांना उठतं, ते अनेकदा साध्या ॲलर्जीच्या गोळीवर निभावतं. तरी तेही डॉक्टरांना कळवायचंच.

सुरू करण्याआधीची सीबीसी आणि यकृताची तपासणी झालीय ना, ते बघा. नंतर तुलनेला लागते. आणि बहिणीला दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉलआधी डॉक्टरांना सांगा. ती गोळी सुरू झाल्यावर मनानं एकदम तोडायची नाही.

इथं मी कुणाला डोस सांगणार नाही, व्यक्तिगत निरोपही करू नका.

लातूर_लोकल | ५ मे, सकाळी ९:१४

दम्यावरून आठवलं. आमच्या वडिलांनी डॉक्टरला दमा सांगितलाच नाही, का तर “ते थायरॉईडचे डॉक्टर हायत, त्यांना छातीचं काय सांगायचं.” दोन दिवसांत शिट्ट्या वाजायला लागल्या. मग गोळी बदलून दिली.

आणि कुणीतरी म्हणतं कोबी खा, कुणी म्हणतं सोयाबीन खा, थायरॉईड उतरतो. आमच्याकडं घरात चाळीस पोती सोयाबीन पडून आहे. भाव उतरला, थायरॉईड काही उतरला नाही.

परभणीकर_नाना | ५ मे, सकाळी ९:३०

चाळीस पोती ठिवलीत म्हणजे तुमी मोठे शेतकरी की ओ. आमी तर काढल्या काढल्या इकून मोकळे झालाव.

लातूर_लोकल | ५ मे, सकाळी ९:३३

नाना, वायदे बाजारचा धागा वेगळा आहे 😄

मुळी_आणि_पाला | ५ मे, दुपारी १:४७

एवढ्या भयंकर गोळ्या खाण्यापेक्षा मुळावर घाव घाला. अश्वगंधा रोज रात्री दुधातून. थायरॉईडवर रामबाण. माझ्या मेहुणीचा दोन महिन्यांत नॉर्मल झाला.

मेडिकलवाला_भाऊ | ५ मे, दुपारी २:०२

मेहुणीचा कमी होता का जास्त?

मुळी_आणि_पाला | ५ मे, दुपारी २:२६

थायरॉईड होता.

पांढरा_कोट | ५ मे, दुपारी ४:१०

हाच घोटाळा. अश्वगंधेनं थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात आणि ती घेऊन थायरॉईड जास्त झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. मेहुणीला चाललं असेल, या बहिणीला नको. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, चांगला वैद्यही आधी विचारेल की कमी का जास्त.

मिठाचंही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. स्वयंपाकातलं नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ चालतं, सैंधवावर जायची गरज नाही. टाळायचंय ते समुद्री शेवाळाच्या गोळ्या-पावडरींतलं जास्तीचं आयोडीन. सीटी स्कॅनला शिरेतून डाय देणार असतील तर थायरॉईडचं आधी सांगायचं.

औरंगपुऱ्यातली | ५ मे, रात्री ८:४०

माझी गंमत वेगळी. केस गळत होते म्हणून केसांच्या गोळ्या सुरू केल्या, ऑनलाइन मागवलेल्या, बायोटिन भरपूर. रूटीन तपासणीत टीएसएच अगदी कमी, टी४ जास्त. घरात रडारड. सासूबाईंनी वेरूळला अभिषेक बोलून टाकला. पण मला ना धडधड ना थरथर, वजन तर वाढतच होतं. संभाजीनगरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या डब्या आणायला सांगितल्या, केसांची डबी उचलून बाजूला ठेवली, म्हणाल्या ही आठवडाभर बंद करा आणि परत रक्त द्या. सगळं नॉर्मल! काही यंत्रांत बायोटिनमुळं रिपोर्ट असा फसवा येतो म्हणे. तेव्हा कार्बिमाझोल सुरू केली असती तर चांगल्या ग्रंथीला कुलूप लागलं असतं.

अभिषेक केला. बोललेला होता ना.

नवी_सून | ५ मे, रात्री ९:२२

मला बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात असंच झालं होतं. माझ्या डॉक्टरांनी ही गोळी दिलीच नाही. स्कॅन करून म्हणाले की ग्रंथीला सूज आलीय, साठवलेला हार्मोन गळतोय, नवीन तयार होत नाही, मग तयार होणं थांबवून फायदा काय? फक्त धडधडीची गोळी दिली. दोन-तीन महिन्यांत आपोआप उलटं झालं, कमी. मग काही दिवस थायरॉक्सिन. म्हणजे एकाच वर्षात मी दोन्हीकडच्या पार्ट्या फिरून आले.

केजच्या ताई, एक विचारू का? बहिणीला दिवस राहण्याचा विचार आहे का? माझ्या जावेला ग्रेव्हज आहे. तिला बजावून सांगितलं होतं की गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, आणि पाळी चुकली तर मनानं गोळी न तोडता त्याच दिवशी फोन करायचा. पहिल्या महिन्यांत कार्बिमाझोलनं बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून पीटीयू नावाची दुसरी गोळी देतात. ती नांदेडात तीन मेडिकल फिरून मिळाली नव्हती, मागवावी लागली.

पांढरा_कोट | ५ मे, रात्री ९:५०

बरोबर. मूल हवं असेल तर आधीच बोलून ठरवावं. पीटीयू यकृताला जास्त जड जाते, म्हणून ती सरसकट देत नाहीत. नवी_सून यांच्यासारखा प्रकार वेगळा ओळखायला स्कॅन किंवा टीआरएबी नावाची रक्ततपासणी असते.

धारूर_घाट | ६ मे, सकाळी ६:१८

इथं सगळे “त्याच दिवशी सीबीसी” म्हणायलेत. माझी मावशी ऊसतोडीला जाते. तिचं सांगतो.

दोन वर्षांखाली ग्रेव्हज निघाला. गोळी लागू पडली. दसऱ्यानंतर टोळी कर्नाटकात गेली, मुकादमाची उचल घेतलेली, नाही म्हणायची सोय नव्हती. दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. संपल्या तेव्हा तिला बरं वाटत होतं, मग कशाला पैसे घालायचे? फेब्रुवारीत मोळी बांधताना हात असे थरथरायचे की वाढ्याची गाठ बसेना. काका ओरडायचे, ती म्हणायची थंडीनं होतंय. थंडी कुठली, पहाटे चारला फडात सगळे घोंगडं घेऊन आणि ही एका पातळात, घामानं डबडबलेली. एक दिवस कोपीसमोर पडली. नाडी १३० च्या वर, ईसीजीत ठोके बेताल. कागद सगळे कानडीत. आणि एक दिवस दवाखान्यात म्हणजे कोयत्याचा खाडा, तो वेगळाच.

पुढच्या हंगामाला आम्ही वेगळं केलं. जायच्या आधी डॉक्टरांना सरळ सांगितलं की पाच महिने ही इथं नसणार. त्यांनी रागावण्याऐवजी तारखा पाडून दिल्या. कारखान्याच्या गावात लॅब शोधली, रिपोर्टचा फोटो मी डॉक्टरांना पाठवायचो, ते फोनवर डोस सांगायचे, मी मावशीला. गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डब्याला आतून कागद चिकटवला : “ताप, घसा, तोंड आलं = गोळी बंद, रक्त, फोन.” मावशीला वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या कोपीतल्या नववीतल्या पोरीला दाखवून ठेवलं.

गोदाकाठ | ६ मे, सकाळी ६:४०

भाऊ, तुम्हाला दंडवत.

परभणीकर_नाना | ६ मे, सकाळी ७:०२

पत्र्याचा डबा उन्हात ठिवू नका मात्र. बाकी मावशी वाघीण हाय.

भोकरदनचा_बंडू | ६ मे, दुपारी १२:३०

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून घ्यायची का?

मेडिकलवाला_भाऊ | ६ मे, दुपारी १२:४४

नाही. आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर चुकलेली सोडून द्या. ही जेवणाआधी-नंतर कधीही चालते, उपाशीपोटीचा नियम काकूंच्या गोळीचा. आणि बंडू, बिडी ओढत असशील तर सोड, ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर यायचा त्रास बिडी-सिगारेटनं वाढतो.

भोकरदनचा_बंडू | ६ मे, दुपारी १२:५२

तुम्हाला कसं कळलं 😳

केजची_लेक | १८ जून, रात्री ९:०५

धागा वर आणतेय. सगळ्यांना सांगायचं राहून गेलं.

गोळी ७ मेला सुरू झाली. धारूर_घाट यांची पोस्ट मी तिला फोनवर वाचून दाखवली. म्हणाली, “फडात राहून ती बाई घेते, मग मला काय होतंय.” दहा-बारा दिवसांत थरथर कमी आली, बहुतेक धडधडीच्या गोळीनं. झोप लागायला लागली. चार भाकरींवरून अडीचवर आलीय.

मागच्या रविवारी ताप आणि घसा. मृगाचा पहिला पाऊस, घरात सगळेच शिंकत होते. सासू म्हणाली पावसानं झालंय, उद्या बघू. पण तिनं स्वतःच गोळी थांबवली आणि दाजींना म्हणाली, गाडी काढा. गावात लॅब बंद. भिजत अंबाजोगाईला गेले, तिथं रक्त घेतलं. मी इकडं गोदाकाठ दादांची पोस्ट आठवून देवापुढं बसलेली. दीड तासानं दाजींनी फोटो पाठवला : पांढऱ्या पेशी ६,२००, न्यूट्रोफिल ५८ टक्के. साधा व्हायरल. डॉक्टर म्हणाले बरं केलं आलात, गोळी परत सुरू करा, पुढच्या वेळीही असंच या.

एक शंका. त्यांनीच या आठवड्यात थायरॉईडही बघितला. फ्री टी४ नॉर्मलमध्ये आलाय, पण टीएसएच अजून ०.०१ च. डॉक्टरांनी तरी गोळी कमी करून १५ केली. नात्यातला एकजण म्हणतो, टीएसएच हललाच नाही म्हणजे गोळी लागू नाही, वाढवायला पाहिजे होती.

पांढरा_कोट | १८ जून, रात्री ९:४८

डॉक्टरांचं बरोबर आहे. टीएसएच मेंदूच्या ग्रंथीतून येतो आणि ती ग्रंथी दबलेली असते. तिला जागं व्हायला कित्येकदा महिने लागतात. तोवर फ्री टी४ आणि टी३ बघून गोळी ठरते. नुसत्या टीएसएचवर वाढवत गेलात तर मेडिकलवाल्या भाऊंच्या म्हातारीसारखं होईल. परत चार ते सहा आठवड्यांनी रक्त. एकूण बारा ते अठरा महिने धरून चाला. बंद केल्यावर बऱ्याच जणांना परत उलटतं, तेव्हा बंद करण्याआधी टीआरएबी तपासतात.

गोदाकाठ | १८ जून, रात्री १०:०१

६,२०० वाचून मीच सुटलो. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, त्या पोरीला सांगा, कुल्फी खा.

केजची_लेक | १८ जून, रात्री १०:१५

सांगते दादा 🙏 आणि काकूंचं ऐका. आता त्यांनाच पटलंय. घोटाळा नको म्हणून स्वतःच्या बाटलीवर स्केचपेननं “कमीची” लिहिलंय आणि बहिणीच्या डबीवर “जास्तीची”.

परभणीकर_नाना | १८ जून, रात्री १०:१९

आन “जास्तीची” वाचून कुणी जास्त खाल्ल्या म्हंजी?

केजची_लेक | १८ जून, रात्री १०:२१

अरे देवा. उद्याच खोडायला लावते.